पुढची डावी सीट

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की घोडेगावातले लोक माझ्या दारात येतात. आयुष्यभर एसटी चालवली, एवढाच काय तो माझा गुन्हा. रविवारी जरा आडवं व्हावं, तर उंबऱ्यात कोणीतरी उभाच. ‘कल्याणमामा, नुसती नजर टाका की.’ मी जाऊन नजर टाकतो, दोष सांगतो, पण तो गडी आधीच रंगावर भाळलेला असतो. पुढं गाडी बंद पडली की खडे मात्र माझ्या नावानं फोडतो. खरं सांगायचं तर मला या कामाचा वीट आलाय.

रेश्माला मात्र नाही म्हणवलं नाही. ती शेजारची सून. नवरा चाकणला कंपनीत, घरी ती आणि सासू मुक्तावहिनी. वहिनींच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला न्यावं लागतं. जाताना एसटीनं कसंबसं निभतं, येताना बाईच्या अंगात त्राण राहत नाही. दोन महिन्यांपूर्वी त्या स्टँडवर भर गर्दीत खाली बसल्या. त्यानंतर त्यांनी धोशा लावला, की आता मी काही जायची नाही, जे व्हायचं ते घरात होऊ दे. डॉक्टरांनी बजावलं होतं, की दोन खेपा चुकल्या तरी जिवावर बेतेल. रेश्मानं त्याच आठवड्यात गाडी शिकायला सुरुवात केली आणि परवाच लायसन हातात पडलं. दोन महिने वहिनी कशाबशा एसटीनं जायला तयार झाल्या, त्यापुढं गाडी आली तर जाणार होत्या, नाही आली तर नाही.

दोन गाड्या मीच नाकारल्या होत्या. पहिलीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतल्या टोकाला वाळलेला गाळ निघाला. म्हणजे गाडी पुरात बुडलेली. दुसरीच्या पुढच्या काचेवर छापलेलं साल वेगळं, बाकीच्या काचांवरचं वेगळं. बॉनेट उघडलं तर आत वेल्डिंगचे टाके. विकणारा म्हणाला, थोडी घासली होती. थोडी घासून काच बदलावी लागते होय? दोन्ही वेळा येताना बिचाऱ्या रेश्माचं तोंड बघवत नव्हतं.

तिसरी गाडी राहुरीच्या अलीकडं, गोरक्षनाथ नावाच्या बागायतदाराकडं होती. त्याला दहाची वेळ दिली आणि आम्ही आठलाच जाऊन थडकलो. ही माझी बाजारातली खोड. घोडेगावच्या बाजारात विकायची म्हैस काहीजण आदल्या सांजेची धार न काढता आणतात, कास भरलेली दिसावी म्हणून. गाडीचंही तसंच. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलं की थंडीत कुरकुरणारी गाडीही शहाण्यासारखी चालू होते. मी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. थंडगार होतं. चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि धूरही निघाला नाही.

वहिनींनाही आणावं लागलं होतं, घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. त्या ओसरीवर खुर्चीत बसून आमचा तमाशा बघत होत्या. मी गाडीखाली वाकलो, ऑइल पाहिलं, टायरांची झीज पाहिली, क्लच दाबून पाहिला. बँकेचा बोजा उतरलेला होता, विमा चालू होता. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. मला याचाच राग आला. एवढी चांगली गाडी माणूस का विकतो? मी दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा खाली बघून म्हणाला, की आता लागत नाही. हे उत्तर मी उभ्या जन्मात हजारदा ऐकलंय आणि दर वेळी त्याच्यामागं काहीतरी निघालंय.

मग मी आत शिरलो. मागची सीट कोरी होती, जणू कोणी कधी बसलंच नव्हतं. पुढची डावी मात्र पार दबलेली. तिची पाठ मागं घ्यायचा खटका गुळगुळीत झालेला, दाराच्या वरची मूठ झिजलेली, सीटवर एक छोटी उशी. डिकीत लाकडी पाट होता, पायाखाली घेऊन चढायला. शिर्डीला भाविक वाहणारी गाडी म्हणावी तर मागची सीट कोरी कशी?

गोरक्षनाथला मी गोठ्यामागं नेलं आणि स्पष्टच विचारलं. त्यानं सांगितलं, की बायको गेली, पाडव्याच्या आधी. तिलाही डायलिसिस होतं. गाडी तिच्यासाठीच घेतली होती, दुसरीकडं कुठं फारशी गेलीच नाही. “ह्या माउलीच्या हाताची पट्टी बघितली अन् सांगायला तोंड उघडंना,” तो म्हणाला.

आता हा दोष म्हणायचा की काय म्हणायचं? पुरात बुडलेली गाडी नाकारता येते. रेश्माला बाजूला घेऊन सांगितलं. चौथी गाडी शोधायला वेळ नव्हता. “मामा, आत्यास्नी कळू देऊ नका,” ती सासूकडं बघत म्हणाली. “त्या पाय ठेवायच्या न्हाईत.” मी मान हलवली. लपवालपवी माझ्या स्वभावात नाही, पण वाद घालायची ताकदही उरली नव्हती.

व्यवहार ठरला, कागदांवर सह्या झाल्या. रेश्मानं गाडीला हळदकुंकू लावून नारळ फोडला. वहिनींना पाटावर चढवून पुढं बसवायला निघालो, तेवढ्यात गोरक्षनाथ आडवा आला. त्यानं सीटवरची उशी काढून काखेत धरली. आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातली दोरी, दावं, देत नाहीत. घरची बरकत जनावरामागं जाऊ नये म्हणून विकणारा ते ठेवून घेतो आणि घेणारा आपलं दावं आणतो. “दावं तेवढं ऱ्हाऊ द्या माझ्याकडं,” तो पुटपुटला.

वहिनींनी उशीकडं पाहिलं, मग सीटकडं.

“कोनाची उशी हाय, दादा?”

रेश्मानं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं. गोरक्षनाथला खोटं बोलता येत नसावं.

“आमच्या मंडळीची. नगरलाच न्यायचो तिला. तुमच्यावानीच.”

झालं, मी मनात म्हटलं. आता ही बाई माघारी फिरणार आणि आपण पुन्हा मोकळ्या हातानं घरी. मला एकदम फार थकल्यासारखं झालं.

वहिनी मूठ धरून तशाच पाटावर उभ्या राहिल्या.

“किती वर्सं नेलं तिला?”

“सहा.”

“सहा वर्सं?” त्यांनी पुन्हा विचारलं. “मला तर वाटलं हुतं, वरीस बी निघायचं न्हाई माझं.” मग त्या स्वतःच आत सरकून बसल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, मंग गाडी चांगली हाय की. उगाच काय खाली वाकवाकून बघत हुता?”

रेश्मानं डोळ्यांना पदर लावला. गोरक्षनाथ जागेवरच उभा होता. मग तो पुढं आला, काखेतली उशी काढली आणि वहिनींच्या पाठीमागं नीट बसवली. खटका दाबून सीट थोडी कलती करून दाखवली.

“येताना येवढी मागं घ्यायची,” तो रेश्माला म्हणाला. “जाताना सरळ. बोलायला बरं पडतं.”

घोडेगावचा बाजार मी लहानपणापासून बघत आलोय, पण विकणाऱ्यानं आपल्या हातानं दावं दिलेलं मी पाहिलं नव्हतं. रेश्माच्या हातात चावी दिली आणि मागच्या कोऱ्या सीटवर जाऊन बसलो.