आर्लोविरुद्ध पहिली तक्रार

आर्लो टाकीतून जाळीने छोटे मासे उपसत होता, तेव्हा परवाना खात्यातल्या रोवेना पिट्सने आपलं सरकारी ओळखपत्र त्याच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. बाहेर तळं गोठलं होतं. बर्फाला भोक पाडून गळ टाकणाऱ्यांना जिवंत आमिष लागतं, आणि डकोटाच्या या गावात ते एकट्या आर्लोकडे मिळतं.

"घरातलं यंत्र बिघडलं तर दुरुस्त करून देऊ, अशी हमी विकणारी ती ॲरिझोनाची कंपनी. तिचे या राज्यातले प्रतिनिधी तुम्हीच ना?"

"मीच. का, काही चुकलं का माझं?"

चुकलं काहीच नव्हतं, आणि तेच रोवेनाला खटकत होतं. परराज्यातल्या कंपनीला इथे हमी विकायची तर परवाना लागतो, सरकारकडे अनामत ठेवावी लागते, आणि कायद्याच्या नोटिसा घ्यायला इथला एक माणूस नेमावा लागतो. दुसऱ्या राज्यांत लोक या कंपनीच्या नावाने शिमगा करत होते. इथे मात्र एक तक्रार नाही. शुक्रवारी परवान्याची मुदत वाढणार होती. साहेब म्हणाले, कागद स्वच्छ आहेत. रोवेनाला चैन पडेना, म्हणून ती एवढ्या बर्फातून गाडी हाकत आली होती.

"लोकांची घर तापवायची भट्टी बंद पडली की कंपनी माणूस पाठवते?"

"कंपनी फोन तरी उचलते का? करारावर माझं नाव छापलंय. लोक माझ्याकडे येतात, मग मी जातो."

"आणि दुरुस्त करता?"

"जमेल तसं. लार्सनबाईंचा फ्रिज अजून घोड्यासारखा फुरफुरतो. पण गार करतो."

"अहो, तुमचं काम फक्त नोटिसा घ्यायचं."

"ठाऊक आहे. पण या थंडीत माणसाला नोटीस पांघरायला देऊ का?"

रोवेनाला हसू आलं आणि रागही आला. या भल्या माणसानेच त्या लबाडांची पाटी कोरी ठेवली होती. तिने त्याला सरळ सांगितलं. तक्रारी आल्या असत्या, तर परवाना केव्हाच अडला असता आणि लोकांचं नुकसान अनामतीतून भरून निघालं असतं.

आर्लोच्या हातातली जाळी ठिबकत राहिली.

"म्हणजे ते लोकांना टोप्या घालतात, ते माझ्या जिवावर," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. चर्चमध्ये त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या सिग्ने सँडनेस या विधवेची भट्टी विझली होती. दोघंही निघाली.

सिग्नेच्या स्वयंपाकघरात तोंडातून वाफ निघत होती. आर्लो तळघरात उतरला. रोवेनाने तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला. सिग्नेने तो बोटाने परत सरकवला.

"आर्लोविरुद्ध तक्रार? मी?"

"त्यांच्याविरुद्ध नाही हो, कंपनीविरुद्ध."

"कंपनी मी कुठे पाहिलीय? करारावर नाव याचं आहे. आपल्या माणसाला मी सरकारदरबारी खेचणार नाही. तुम्ही कॉफी घ्या."

आर्लोने हे जिन्यावरून ऐकलं. तो वर आला, हत्यारांची पेटी बंद केली आणि एरवी दारातच उतरवायची टोपी डोक्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसला.

"झाली?" सिग्नेने विचारलं.

"नाही."

"पार्ट नाही का?"

"आहे की."

"मग?"

"करणार नाही. ती बाई सांगतेय ते लिही, तोवर हात लावत नाही."

सिग्ने आधी हसली. मग तिने शाल घट्ट गुंडाळली. मग दुसरी आणली. आर्लो खिडकीकडे बघत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते, आणि तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. म्हाताऱ्या माणसाला असं गारठत ठेवणं त्याला फार जड जात होतं.

"तुझ्या आईला काय वाटलं असतं रे," ती म्हणाली.

शेवटी तिने कागद ओढला, पेन रुतेल इतकं दाबून लिहिलं आणि रोवेनापुढे टाकला. रोवेनाने वाचलं:

'कंपनीचा माणूस आर्लो एंगेन माझ्या घरात टोपी घालून बसला आहे. भट्टी दुरुस्त करायला साफ नकार देतो. विचारलं तर तोंड वर करून बोलतो.'

"चालेल?" आर्लोने हळूच विचारलं.

"चालेल. पण एकीने भागणार नाही. शुक्रवारच्या आत आणखी चार-पाच तरी हव्यात."

आर्लोने मान हलवली आणि पेटी उचलली.

"आधी हिची भट्टी पेटवतो," तो म्हणाला. "मग गावभर शिव्या खायला निघू."