‘लीव्ह’ची नोंद

इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत बाईंकडे ‘एल’ अक्षर होतं. नवरा घर सोडून गेला त्याला दोन महिने झाले होते, आणि नेमकी आता ‘लीव्ह’ या क्रियापदाची पाळी आली. संपादकांनी अवघडून विचारलं, हा शब्द दुसऱ्या कुणाला देऊ का? बाई म्हणाल्या, नको, नेहमीचाच तर शब्द आहे.

सोडून जाणे, निघणे, राहू देणे, असे अर्थ त्यांनी भराभर उतरवले. मग व्युत्पत्तीचा ग्रंथ उघडला आणि हात थांबला. जुन्या इंग्रजीत हा शब्द जाणाऱ्याचा नव्हताच. मूळ अर्थ मागे राहू देणे. मेलेला माणूस बायको, जमीन मागे ठेवतो, त्यातलं ते ठेवणं. निघून जाण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

घरी सासूबाई वाट पाहत होत्या. गुडघ्यांनी त्यांना खाटेवर बसवलं होतं, आणि मुलगा त्यांनाही न सांगताच गेला होता. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, आज कुठला शब्द? बाईंनी चहा देता देता सगळं सांगितलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “म्हणजे तो शब्द त्याचा नाहीच. आपल्या दोघींचा आहे.”

 बाईंना त्यांच्या भावाने राहायला बोलावलं होतं, पण एकटीला. सासूबाईंसाठी भरलेला वृद्धाश्रमाचा अर्ज आठवडाभर पर्समध्ये पडून होता.

“भावाशी फोनवर बोलत होतीस ते ऐकलंय मी,” सासूबाई म्हणाल्या. “कधी पोचवणार मला?”

“रविवारी.” नाही म्हणायचं होतं, तोंडातून हेच निघालं.

दुसऱ्या दिवशी संपादकांनी नोंद वाचली. एवढ्या व्युत्पत्तीला जागा नाही म्हणाले आणि मूळ अर्थावर रेघ मारली. बाई एरवी एकेका शब्दासाठी हमरीतुमरीवर यायच्या. आज त्यांनी पुढचा शब्द काढला.

रविवारी आश्रमातल्या कपाटात त्यांनी सासूबाईंचे कपडे लावले, औषधांच्या डब्या ओळीने मांडल्या, चष्मा उशाशी ठेवला. करण्याजोगं आणखी काही उरलं नाही, तेव्हा पर्स उचलली.

“येते हं,” सवयीने म्हणाल्या.

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या. “जाते म्हण.”

बाईंना ते म्हणता आलं नाही. त्या जिना उतरल्या.