तपासनिसाचं बोट

उम्म छासिबच्या परातीत रोज सकाळी पहिलं बोट जायचं ते सरकारचं. म्हशीच्या दुधाची जाडजूड साय, म्हणजे गेमर, घेऊन ती अमारा शहराच्या बाजारात बसली की आरोग्य खात्याचा तपासनीस मुन्धिर यायचा, तर्जनीने साय उचलायचा, चाटायचा आणि गर्जायचा, "पास!" मगच गिऱ्हाइकं गरम पाव पुढे करायची. त्या एका शब्दावर तिच्या सात म्हशी आणि सहा नातवंडं पोसली जात होती.

गेल्या आठवड्यात निम्मी गल्ली पोट धरून बसली. मुन्धिरनेच सायीचा नमुना डबीत भरून पाठवला. आज प्रयोगशाळेची डॉक्टर इब्तिहाल अहवाल घेऊन आली, तशी उम्म छासिबच्या पाचावर धारण बसली. बाजारातली जागा गेली तर खायचं काय?

"जंतू आहेत," डॉक्टर म्हणाली. "पण दुधातले नाहीत, खाला. पिकलेल्या फोडातले. हात दाखवा बघू."

"बघ बाई, नीट बघ. अन् मी हात लावतेच कुठे? पळीनं काढते. परातीत बोट जातं ते एकाचंच."

सगळ्यांच्या नजरा मुन्धिरकडे वळल्या. त्याने उजवा हात खिशात घातला.

"काढा की बाहेर, उस्ताद! लाजता काय?" चहावाला ओरडला.

तर्जनीला मळकी पट्टी होती.

"माशाचा काटा रुतला होता," मुन्धिर पुटपुटला. "पण चाखताना पट्टी काढायचो मी! रोज!"

कुंपणच शेत खात होतं, आणि वर 'पास' म्हणत होतं.

डॉक्टरने हुकूम सोडला: परातीवर झाकण, बोट कुणाचंच नाही. जागा वाचली. उम्म छासिबला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं जमली, पण पाव काखेतच ठेवून.

"पास कोण म्हणणार?" चहावाल्याने विचारलं.

असली ही माणसं! ज्या बोटाने आजारी पाडलं, त्याचीच वाट बघत उभी. ऊन चढलं, सायीला पाणी सुटायला लागलं. शेवटी उम्म छासिबनेच मुन्धिरला बोलावून आणलं. बशीत वेगळी साय वाढली आणि त्याच्या हातात चमचा दिला.

मुन्धिरने चमचा तोंडाशी नेला आणि तो थबकला.

"हज्जिया... नक्की चांगलं आहे ना?"

"खा उस्ताद, बिनघोर खा," ती म्हणाली. "आज त्यात तुमचं काहीच नाही."

बाजार खो खो हसला, आणि मुन्धिर 'पास' म्हणायच्या आतच पाव पुढे आले.