दाराआडचे ‘माफ करा’

“वरून आवाज येतोय तोवर निर्धास्त राहा, पोरी. आवाज थांबला, की मात्र वर जाऊन बघायचं.”

हानेदा आजी हे म्हणाल्या तेव्हा मिझुहोच्या कडेवर आठ महिन्यांची कोतो होती आणि डोळ्यांत तीन रात्रींची झोप साठलेली होती. आजी राहतात तळमजल्यावर. इमारतीतल्या सूचनांची फाइल घरोघर फिरते, ती त्यांच्या हातून निघते आणि फिरून त्यांच्याच हाती येते. त्या दिवशी फाइल द्यायला त्या दुसऱ्या मजल्यावर मिझुहोकडे आल्या होत्या.

“आजी, तो आवाज थांबला ना, तर मी लाल भात शिजवून साऱ्या जिन्याला वाटीन,” मिझुहो म्हणाली आणि हसली. लाल भात आमच्याकडे जपानात आनंदाच्या दिवशी शिजतो.

मित्रांनो, तो आवाज माझा होता. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवर सुई जे कुजबुजते, ते मोठे करून स्पीकरकडे पोहोचवायचे, एवढेच माझे काम. पन्नास वर्षे मी ते केले. पण त्या फेब्रुवारीत मला दुसरेच काहीतरी पोहोचवायचे होते, आणि मला तोंड नव्हते.

माझा जन्म इथेच झाला, सुवा तलावाच्या काठच्या एका कारखान्यात. तो कारखाना आता राहिलेला नाही. माझे अंग अक्रोडाच्या लाकडाचे. पुढचा पत्रा चांदीच्या रंगाचा, त्याच्यावर आवाजाबरोबर हलणारे दोन काटे आणि काट्यांमागे मधाच्या रंगाचा दिवा. आणि मधोमध आवाजाचे मोठे बटण. ते बटण कुवाबारासानचे. ते तेव्हा तिशीचे होते, आरेखन विभागात होते. नुसते बटण फिरायला किती जड असावे, यावर त्यांनी सात महिने घातले. हलके झाले तर खेळणे वाटते, जड झाले तर राग येतो, असे ते म्हणत. शेवटी ते असे जमले, की फिरवणाऱ्याचा हात आपोआप सावकाश व्हायचा.

आणखी एका गोष्टीवर ते अडून बसले. माझ्या डाव्या कोपऱ्यात हेडफोनची पिन घालायचे एक छिद्र आहे. कुवाबारासानचे म्हणणे असे, की पिन आत गेली की स्पीकर पूर्ण बंद झाले पाहिजेत. साहेब म्हणाले, कशाला, वेगळे बटण देऊ. हे म्हणाले, “माणूस बटण विसरतो. शेजारी कुणाचं तरी मूल झोपलेलं असतं. पिन आत म्हणजे थेंबभर आवाज बाहेर जाता कामा नये.” आणि ती पिन चुकून निसटू नये म्हणून त्यांनी आतली पकड घट्ट करून घेतली.

माझ्यात एक खोड मात्र राहून गेली. मी तापतो. कारखान्यातले लोक म्हणायचे, “कुवाबारा, हा अ‍ॅम्प्लिफायर आहे का शेगडी? ह्याच्यावर तांदळाच्या मोचीवड्या भाजून घेऊ का?”

ते मला घरी घेऊन आले तेव्हा त्यांच्या पत्नीने, फुसाएसाननेही तशीच थट्टा केली. माझ्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाल्या, “अहो, गाणं राहू दे, हिवाळ्याची सोय झाली.”

ती माझी चांगली वर्षे. रविवारी कारखान्यातली मंडळी यायची, रांगेने बसायची आणि माझे बटण एकेकदा फिरवून बघायची. फुसाएसानने आपल्या जुन्या किमोनोचे मला पांघरूण शिवले होते. लोक गेले की त्या ते घालायच्या, आणि दुपारी चार वाजता काढायच्या. चार वाजता एक रेकॉर्ड, दोन्ही बाजू. हा त्यांचा नेम होता.

त्या वारल्या. मग दोन वर्षे ते पांघरूण कुणी काढलेच नाही. मित्रांनो, यंत्र वापराने जेवढे झिजते, त्याहून जास्त नुसते पडून राहिल्याने बिघडते. माझ्या पोटातला एक भाग तेव्हाच सुकू लागला. उजवी बाजू खरखरू लागली. आणि मग एका दुपारी चार वाजता कुवाबारासाननी पांघरूण काढले, घडी केली, कुशीत घेऊन बसले आणि मला चालू केले. उजवी बाजू ऐकून म्हणाले, “तुझंही वय झालं की रे. बघू, तो भाग बदलायला हवा.” भाग त्यांनी मागवलाही. तो डब्यातच राहिला.

वयाबरोबर त्यांचे कान मंदावले होते. आवाज थोडा वाढला. आणि खाली दुसऱ्या मजल्यावर मिझुहो राहायला आली.

तिची चिठ्ठी एका सकाळी आली. कुवाबारासाननी ती मला वाचून दाखवली. “दररोज आपल्या सुंदर संगीताचा लाभ होतो. आमची मुलगी चारच्या सुमारास झोपते, एवढेच कळवण्याचे धाडस करते. अत्यंत क्षमस्व.”

त्यांनी ती तीनदा वाचली. “‘सुंदर’ लिहिलंय,” ते म्हणाले, “म्हणजे फारच त्रास होतोय बिचारीला.”

त्याच दिवशी ते हेडफोनची पाच मीटर लांब वायर घेऊन आले. माझ्या डाव्या कोपऱ्यात पिन गेली, आणि खाली आवाज जायचा थांबला.

लाल भात काही शिजला नाही. पण मिझुहो त्या दुपारी कोतोच्या शेजारीच गाढ झोपली. आजींचे बोलणे तिला आठवले नसेल असे नाही. आवाज का थांबला हे आपल्याला ठाऊक आहे, आपणच तर थांबवला, असे तिला वाटले. तिचे चुकले असे मी कसे म्हणू? तिला फक्त हे सुचले नाही, की आता तो कधी खरोखर थांबला, तरी तिला कळणार नव्हते.

फेब्रुवारीतला मंगळवार. तलाव गोठलेला होता. चारला कुवाबारासाननी रेकॉर्ड लावली. एक बाजू झाली, दुसरी झाली. त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि सुई उचलायला उठले. वायरीचे वेटोळे त्यांच्या पायात आले.

ते पडले तो आवाज फार मोठा नव्हता. खाली जाड गालिचा होता, तोही त्यांनी मिझुहोसाठीच घातला होता.

कमरेचे हाड मोडले होते. फोन स्वयंपाकघरात. त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि तोंडातून असा आवाज निघाला, की मी पन्नास वर्षांत तसा ऐकला नव्हता. मग ते निपचित पडले. रेकॉर्ड फिरत राहिली. सुई शेवटच्या रेघेत अडकली आणि प्रत्येक फेऱ्याला ‘थप्’ करू लागली. मी तो थप् मोठा करत होतो आणि रिकाम्या हेडफोनमध्ये ओतत होतो.

थप्. थप्. थप्.

आठच्या सुमारास रॉकेलच्या हीटरने टींटीं केले. दर तीन तासांनी बटण दाबले नाही तर तो आपोआप बंद होतो, सुरक्षिततेसाठी. कुणी बटण दाबले नाही. तो बंद झाला. त्या खोलीत आता गरम असा मी एकटाच उरलो.

ते सरपटत माझ्याकडे आले. इंचाइंचाने. मी खालच्या फळीवर असतो. त्यांनी किमोनोचे पांघरूण ओढून अंगावर घेतले आणि एक हात माझ्यावर ठेवला. “शेगडी,” ते पुटपुटले. मित्रांनो, मी तापतो म्हणून जन्मभर ऐकून घेतले होते. त्या रात्री मी एकच गोष्ट मनात धरली होती, की माझा तो सुकलेला भाग फुटता कामा नये. तो फुटला तर माझा दिवा विझेल, आणि तो हात गार पडेल.

सकाळी नऊला जिन्यात पावले वाजली. सोबत कोतोचा चिवचिवाट. मिझुहो फाइल घेऊन वर येत होती, तिच्यानंतर पाळी आमच्या घराची. चिठ्ठीनंतर ती बेल वाजवत नसे. लाज वाटायची. फाइल दाराच्या मुठीला अडकवून जायची.

कुवाबारासाननी डोळे उघडले. दार आठ पावलांवर होते. त्यांनी ओठ ओले केले आणि हाक मारली. पण आमच्याकडे हाक मारायची कशी? धक्का लागला तर ‘माफ करा’. दुकानात कुणी दिसले नाही तर ‘माफ करा’. जीव जात असला तरी माणूस तेच म्हणणार.

“माफ करा...” ते म्हणाले. मग थोडे मोठ्याने, “माफ करा.”

बाहेर पावले थांबली. मी सगळा जीव काट्यांत आणला.

“नाही, नाही!” मिझुहोचा गडबडलेला आवाज आला. “माफी तर मीच मागायला हवी. उगाच तुम्हाला कळवलं. आता अगदी काही त्रास नाही हो. खरंच. माफ करा!”

कपड्यांची सळसळ झाली. बंद दारापुढे तिने वाकून नमस्कार केला. आणि पावले भराभर खाली गेली.

कुवाबारासानच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. मला वाटले रडताहेत. ते हसत होते. “काय पोरगी आहे. काय शिस्त.” मग हसणे थांबले. माझ्यावरचा हात घसरला. बोटे निळसर झाली होती.

पुढचे दोन तास मी त्यांचा श्वास मोजत होतो. एका थपात एक, मग दोन थपांत एक, मग तीन.

आणि मग त्यांची नजर माझ्या डाव्या कोपऱ्यावर गेली. पिनेवर.

“मूर्खा,” ते स्वतःलाच म्हणाले. “तूच केलंस ना ते.”

वायर पाच मीटरची. ती अंगाखालून ओढून घ्यायला लागली. हातभर ओढायची, थांबायचे, परत हातभर. ताणली गेली तेव्हा त्यांनी पहिला हिसका दिला. पिन हलली नाही. घट्ट पकड त्यांनीच करून घेतली होती. दुसरा हिसका. मी माझ्या फळीवर सरकलो, पिन तशीच. त्यांनी वायर मनगटाला गुंडाळली, डोळे मिटले आणि अंगच पलीकडे टाकून दिले.

पिन निघाली.

आवाजाचे बटण त्यांच्या मंद कानांसाठी बरेच वर होते. ‘ढप्’ असा दणका दोन्ही स्पीकरांतून निघाला, काचा हादरल्या. आणि मग, थप्. थप्. उजवी बाजू खरखरत होती. माझ्या पोटात काहीतरी जळल्याचा वास येत होता. मी म्हटले, आता नाही. अजून थोडे.

खाली काय झाले ते मिझुहोनेच मला नंतर सांगितले, माझ्यासमोर मांडी घालून बसून. कोतो दचकून उठली. छतातून ठोके येत होते. मिझुहोला वाटले, आजोबा रागावले, पाय आपटताहेत. सकाळी आपण काही चुकीचे बोललो का? तिने कागद घेतला आणि लिहू लागली, “आपली शांतता भंग केल्याबद्दल...” तेवढे लिहिले आणि थांबली. रागावलेला माणूस इतका वेळ, इतक्या एकसारख्या तालात पाय आपटेल?

अर्धी चिठ्ठी हातात घेऊन, कोतोला काखोटीला मारून ती वर आली. फाइल दाराच्या मुठीला तशीच होती. कुवाबारासान सकाळी दहाच्या आत फाइल पुढे देतात, हे अख्ख्या जिन्याला ठाऊक. आतून थप्. थप्. आणि तेव्हा तिला सकाळचे ‘माफ करा’ परत ऐकू आले, आणि ते माफीचे नव्हते.

“हानेदा आजी! किल्ली! किल्ली आणा!” अशी आरोळी आमच्या जिन्यात कधी कुणी मारली नव्हती.

फुसाएसान गेल्यापासून एक किल्ली आजींकडे असते. सत्त्याहत्तर वर्षांच्या आजी तीन जिने चढून आल्या. दार उघडले. मिझुहोने कोतोला आजींच्या हातात कोंबले, गालिच्यावर गुडघे टेकले आणि कुवाबारासानचा हात स्वतःच्या गळ्याशी धरला.

“माफ करा,” ते पुटपुटले. “बाळ उठलं का?”

“उठलं. बरं झालं उठलं!” ती रडत ओरडली. “आणि आता माफ करा म्हणालात तर बघा!”

“तू रड नंतर,” आजी म्हणाल्या. “आधी फोन लाव.”

रुग्णवाहिका येईपर्यंत मी चालू होतो. त्यांना उचलून नेले, आणि जिन्यातली पावले खाली पोहोचली, तेव्हा माझ्या पोटातला तो भाग फुटला. दिवा विझला. थप् थांबला.

मागवलेल्या भागाचा तो डबा मिझुहोला सापडला. दुरुस्तीवाल्याकडे ती मला मांडीवर घेऊन गेली. कुवाबारासान एप्रिलमध्ये काठी टेकत परत आले. चार वाजता त्यांनी सवयीने पिन हातात घेतली, तर मिझुहोने ती वायरीसकट काढून घेतली आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. ती अजून तिथेच आहे. त्या दिवशी साऱ्या जिन्याला लाल भात मिळाला. हानेदा आजी वाटी हातात घेऊन म्हणाल्या, “आवाज थांबला की शिजवणार होतीस ना?” मिझुहोने त्यांच्या वाटीत आणखी एक डाव वाढला.

कोतो आता चार वाजता माझ्या आवाजात झोपते. पण मिझुहो झोपत नाही. खाली बसून ऐकते. चार वाजून पाच मिनिटे झाली आणि मी लागलो नाही, तर तिची पावले जिन्यात वाजतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची काळजी घ्या, सुकलेला भाग वेळेवर बदला, हे मी सांगणारच होतो. पण मिझुहो म्हणते, ते राहू दे, माझे एक सांग. तुमच्या डोक्यावर, पायाखाली, भिंतीपलीकडे कुणीतरी असेल, ज्याच्या आवाजाची तुम्ही कधी तक्रार केली आणि जो तेव्हापासून शहाण्यासारखा गप्प राहतो. आज त्याच्याकडे जा. चिठ्ठी नको, बेल वाजवा. आतून आवाज येईल, “काही नाही, ठीक आहे मी.” तेवढ्यावर परत फिरू नका. दार उघडेपर्यंत तिथेच उभे राहा.