सुताराची पटाशी आणि तिचे पाणी

मी एक जुनी पटाशी आहे. मित्रांनो, सुताराच्या पेटीत आवाज करवतीचा मोठा. पण लाकडात नेमकी खाच पाडायची ती मीच! थोडी मिजास आहे माझ्यात, चालवून घ्या.

लोहाराने मला लालबुंद तापवून पाण्यात बुडवले, तेव्हा तो म्हणाला, "पाणी झकास बसलं!" म्हणजे पोलाद कठीण झाले, धार टिकणार. सुताराची मुलगी पुढे कॉलेजात धातूंविषयी शिकली. ती वडिलांना चिडवायची, "बाबा, पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ते पोलादात कुठून येणार?" शेजारचा सराफ म्हणायचा, "पाणी बघावं तर हिऱ्याचं!" सुतार आपला हसून रंधा मारत राही.

मग सुताराची बायको पडली. खुब्याचे ऑपरेशन झाले. तिला खाली बसता येणार नव्हते, म्हणून सुताराने उंच, हातांची खुर्ची करायला घेतली. बायको दोन दिवसांत दवाखान्यातून घरी येणार होती. वडिलांना मदत म्हणून, पण त्यांना न विचारताच, मुलीने मला धार लावायला ग्राइंडरवर धरले. घाईत ती मला मध्येमध्ये पाण्यात बुडवायला विसरली. माझे टोक निळे पडले आणि पहिल्याच घावाला धार दुमडली.

"हिचं पाणी उतरलं," सुतार एवढेच म्हणाला. आता आपण भंगारात जाणार, या भीतीने मी गारठले. मुलीचा चेहरा तर बघवत नव्हता.

ती तडक लोहाराकडे गेली. "काका, जास्त तापून आतली रचना बदललीय. किती डिग्रीला..."

"डिग्री तुझ्याकडे, माझ्याकडे नुसते डोळे," म्हातारा हसला. "भाता चालव."

त्याने मला पुन्हा लाल करून विझवले, टोक घासून हलकेच तापवले. "वाळक्या गवतासारखा पिवळा रंग आला की सांग." हा रंग तिने पुस्तकात वाचला होता, पाहिला मात्र आज. "आला, काका!" ती ओरडली आणि मी पुन्हा पाण्यात गेले.

खुर्ची वेळेवर झाली. आई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, कुणाचाही आधार न घेता उभी राहिली. सुताराने तोंड फिरवून डोळे पुसले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने अवजार असेल. ते हाती घेण्याआधी, ज्याने ते आयुष्यभर वापरले त्याला एकदा विचारा. तो माणूस अजून घरात आहे, तोवरच विचारा.