हौदावरचा आळ

बाबा गेले त्याच दिवशी ताईने मला चारचौघांत खुनी म्हटलं. आमचा सूत रंगवायचा कारखाना. बाबांच्या बोटांवर चामखिळी, माझ्याही, तिच्याही. घरातले म्हणायचे, रंगाचं पाणी अंगात मुरलंय. पुढे बाबांचं रक्तच आटलं. रंगाचा हौद बंद कर म्हणून ताई मागे लागली होती, मी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून आमचा छत्तीसचा आकडा.

आता तिचंच रक्त आटलं होतं. रक्त बनवणारी हाडांतली मज्जा बाहेरच्या कुणाची जुळेना, जुळली ती माझी.

"मोठेपणा मिरवू नकोस," ती पलंगावरून म्हणाली.

"मिरवणार. तू हात जोडेपर्यंत मिरवणार." खरं सांगतो, मला मजा येत होती.

डॉक्टरबाईंनी मात्र माझं रक्त आणखी एका तपासणीला पाठवलं. ताईच्या पेशींत एक प्रथिन बिघडलेलं होतं. त्याला जस्ताने धरून ठेवलेली बोटं असतात, त्या बोटांनी ते जनुकांची बटणं दाबतं, तेव्हा कुठे रक्त बनतं. ताईच्या प्रथिनाचं त्यातलं एक बोट जन्मापासून वाकडं. "चामखिळीही त्यामुळेच," त्या म्हणाल्या. "तुमच्यातही हा दोष असला, तर तुमची मज्जा देणं म्हणजे तोच आजार पुन्हा देणं."

"मी ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"बाबाही होते," ताई म्हणाली.

निकाल आला. दोष माझ्यातही होता. म्हणजे तो बाबांकडून आला, हौदातून नाही. मी निर्दोष सुटलो, आणि ताईला वाचवणारं कुणी उरलं नाही.

"ऐकलंस? रंगाने नाही मारलं त्यांना. माफी माग." माझा आवाज चढला होता, कारण रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

"नाही मागणार. भांडायला तेवढा कामाचा तू, बाकी शून्य."

घरात आणखी कोण आहे, डॉक्टरबाईंनी विचारलं. भावंडांच्या मुलांची मज्जा अर्धी जुळली तरी कधीकधी चालते, म्हणे. मी मुलीचा विषयच काढला नाही. तिला मी कारखान्याचा उंबरा कधी ओलांडू दिलेला नाही; हौदाची धास्ती मलाही होतीच.

"याची मुलगी आहे," ताई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "तिला यात ओढायचं नाही. एवढी जगायची हाव?"

"मला काही नको तिच्याकडून. येते ती माझ्याकडे, तुला चोरून. तिच्या बोटांवर काय उगवलंय, बघितलंस कधी? उद्या तपासायला आण तिला. माझं झालं ते झालं."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.