बर्गन की ट्रॉन्डहेम

लीलाबाई विश्रामबागेतल्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. नॉर्वेचा दातेरी किनारा त्या पुस्तकात न बघता फळ्यावर काढत. १९७६च्या जानेवारीत त्यांच्या मुलाचं, कृष्णातचं, ऑस्लोहून पत्र आलं, तेव्हा त्यांना नकाशा बघायची गरज नव्हती. तरी त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला.

कृष्णात तिथं एका कारखान्यात इंजिनिअर होता. त्यानं लिहिलं होतं, की मे महिन्यात दोघंही या. टपाल, माल आणि माणसं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला जाणारी एक बोट आहे. ती नॉर्थ केपच्याही पलीकडं जाते, आणि मे अखेरीला तिथं सूर्य मावळत नाही. बोट बर्गनहून सुटते. तिथून बसलात तर सगळा किनारा दिसेल. नाहीतर रेल्वेनं ट्रॉन्डहेमला जाऊन तिथं चढता येईल, दोन दिवस वाचतील. खोली आधी राखून ठेवावी लागते, तेव्हा कुठलं बंदर ते लगेच कळवा.

"बर्गन," लीलाबाई म्हणाल्या.

"ट्रॉन्डहेम," त्यांचे यजमान नाथाजी म्हणाले. ते मूळचे पाटणकडचे, पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. लीलाबाईंच्या साडीपासून पंपाच्या पट्ट्यापर्यंत कशातच त्यांचं मत नसे. इथं मात्र ते अडून बसले.

"अहो, बघण्यासारख्या खाड्या बर्गनच्या बाजूलाच आहेत. हे बघा, सगळी बेटं आडवी आहेत, बोट त्यांच्या आतून जाते. फक्त इथं, स्टाडपाशी, बेटं नाहीत. दोनेक तास उघड्या समुद्रातून जायचं."

"उघड्या?"

"हो. थोडं हलेल म्हणे."

"मग तर न्हाईच. रेल्वेनं काय मुलूख दिसत न्हाई व्हय?"

आठवडाभर असंच चाललं. शेवटी नाथाजी म्हणाले, "तू जा पोराकडं. मी ऱ्हातो हितं." लीलाबाईंनी नकाशाची घडी घालून तो कपाटात टाकला आणि दोन दिवस कामापुरतंच बोलल्या. आयुष्यात एकदाच काही मागितलं तर हे असं, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

पासपोर्टचं काम मात्र सुरू होतं. नाथाजींच्या जन्मतारखेची नोंद फक्त सैन्याच्या कागदात होती. त्याची नक्कल घ्यायला दोघं सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेले. माजी सैनिकांच्या कचेरीच्या व्हरांड्यात एका म्हाताऱ्यानं नाथाजींच्या पाठीवर थाप मारली. तो आकाराम, त्यांच्याच पलटणीतला.

"काय रं गड्या, पेन्शन आडली काय?"

"न्हाई. पासपोर्ट काढतोय. पोरगा बोलवतोय परदेशाला."

"बोटीनं फिरणार आहोत आम्ही," लीलाबाई मुद्दाम म्हणाल्या.

आकारामचं हसू गेलं. "बोटीत? नाथा, तू?"

तेवढ्यात आतून नाव पुकारलं आणि नाथाजी घाईनं आत गेले.

"वैनी, ह्यानं तुमास्नी काय सांगितलं न्हाई?" आकारामनं विचारलं. लीलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. "बेचाळीस साली आमी आफ्रिकेकडं निघालोवतो. आमच्या जहाजाला टार्पेडो लागला. मला लगीच होडी गावली. ह्यो सकाळपासनं दिवस बुडंपातूर पाण्यात हुता, फळीला धरून. संगं गुंडा म्हणून पोरगा हुता, ह्येच्याच गावचा. ह्येनं त्येचा हात धरला हुता. दुपारच्याला सुटला."

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टँडवर बाकावर बसून दोघांनी चहा घेतला.

"आकारामनं सांगितलं जणू," नाथाजीच म्हणाले.

"तीस वर्षं संसार केला आपण. मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"काय बोलायचं? गुंडाच्या आईला सांगितलं तवा सांगितलं. त्येच लय झालं."

"मग जाऊच नको आपण बोटीनं. ऑस्लो बघू, मुलाकडं राहू."

नाथाजींनी कप खाली ठेवला. "तसं न्हाई. डोंगराच्या आडोशानं बोट जाती म्हणतीस न्हवं, तेवढं मला जमंल. त्यो उघडा तुकडा जमणार न्हाई. तू बर्गनपासनं बस. मी रेल्वेनं म्होरं येतो आणि ट्रॉन्डहेमला चढतो."

"मी एकटी? दोन रात्री? मी पुण्याच्या पुढं एकटी गेले नाही कधी."

"नकाशा कुणाला पाठ हाय? मला का तुला?"

त्याच संध्याकाळी लीलाबाईंनी कृष्णातला उत्तर लिहिलं: दोन बंदरं, दोन तिकिटं.

मेच्या अखेरीस कृष्णातनं आईला बर्गनला बोटीत बसवलं आणि परत जाऊन वडिलांना रात्रीच्या गाडीनं ट्रॉन्डहेमला आणलं. बोट सकाळी धक्क्याला लागली. नाथाजी मुलाचा ओव्हरकोट घालून ताठ उभे होते. लीलाबाई शिडीवरून उतरल्या. चेहरा उतरलेला, पण डोळे हसरे.

"लाटा हुत्या?"

थोडं सांभाळून सांगावं असं त्यांना वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "होत्या. मोठ्या होत्या. मला तीनदा ओकारी झाली. शेजारच्या बाईनं माझं डोकं धरलं. तिची भाषा मला येईना, माझी तिला."

"आणि खाड्या?"

"फळ्यावर काढते तशा मुळीच नाहीत हो. फार खोल आहेत."

नाथाजी हसले. कृष्णातचा निरोप घेऊन ते चढले. चढल्याबरोबर जीवरक्षक जाकिटं कुठं आहेत ते त्यांनी खलाशाला खुणेनं विचारलं, आणि लीलाबाईंना जाकीट दोनदा घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बोडो बंदर सोडल्यावर, लीलाबाईंच्या लक्षात आलं की पुढं लोफोटेन बेटांपर्यंत पुन्हा मोकळं पाणी आहे, चारेक तासांचं. हा तुकडा त्यांनी साताऱ्याच्या स्टँडवर सांगितलाच नव्हता. त्या विसरल्या होत्या. घाबरतच त्यांनी आता सांगितलं.

नाथाजींनी मागं, लांब गेलेल्या बंदराकडं बघितलं. "बोट तर सुटली. आता काय पोहत जाऊ म्हागारी?" ते म्हणाले. डेकवरच्या बाकावर भिंतीला पाठ लावून ते बसले आणि लीलाबाईंचं मनगट त्यांनी घट्ट धरलं. तासाभरात पकड सैल झाली. त्यांना बसल्या जागी झोप लागली होती.

समोर समुद्रातून काळे, बर्फाच्या टोकांचे डोंगर भिंतीसारखे वर येऊ लागले. सगळे प्रवासी कठड्याशी धावले. लीलाबाई हलल्या नाहीत. बोट धक्क्याला लागल्यावर नाथाजी जागे झाले, वर बघितलं आणि त्यांच्यावर चिडले.

"एवढं मोठं डोंगर आलं आणि उठवलं न्हाईस मला?"

"परत जाताना दिसतील," लीलाबाई म्हणाल्या.

"परत जाताना?" नाथाजी म्हणाले. "मग जाताना मी इकडं बसनार, कठड्याला."